सार्वजनिक सेवांतील रहिवासी-अग्रक्रम

सार्वजनिक सेवांतील रहिवासी-अग्रक्रम : स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या हद्दीतील रहिवाशांना पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, परिवहन, गृहनिर्माण इ. सेवा देताना हद्दीबाहेरील व्यक्तींपेक्षा प्राधान्य द्यावे, ह्या धोरणास रहिवासी-अग्रक्रम असे म्हणतात. हा अग्रक्रम प्रामुख्याने तीन प्रकारांनी व्यक्त होतो : सेवा केवळ रहिवाशांपुरती मर्यादित ठेवणे, सेवा सर्वांना खुली ठेवून तिचा काही भाग रहिवाशांसाठी राखून ठेवणे, आणि सेवा सर्वांना समान देऊन बाहेरील व्यक्तींकडून अधिक शुल्क घेणे. ह्या तिन्ही प्रकारांचे परिणाम भिन्न असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रितपणे करणे योग्य ठरत नाही. शहरे जोपर्यंत तटबंदीच्या आत वसलेली होती, तोपर्यंत शहरातील माणूस कोण व बाहेरचा कोण, हे सांगणे फारसे कठीण नव्हते. एका हद्दीत राहणारा, दुसऱ्या हद्दीत काम करणारा आणि तिसऱ्या हद्दीतील धरणाचे पाणी पिणारा नागरिक हे आधुनिक महानगर प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण हे गाव ह्या स्थितीचे बोलके उदाहरण आहे.

संकल्पना : रहिवास, अधिवास, मतदारत्व आणि करदायित्व ह्या चार गोष्टी व्यवहारात एकच मानल्या जातात, परंतु त्या परस्परांहून वेगळ्या आहेत. एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष राहणे म्हणजे रहिवास. तेथे कायम राहण्याच्या उद्देशासह असलेला विधिमान्य संबंध म्हणजे अधिवास. मतदारयादीतील नाव रहिवासाचा एक पुरावा होय, रहिवास नव्हे. मालमत्ता कर भरणारी व्यक्ती त्या शहरात राहत असेलच असे नाही आणि शहरात राहणारा भाडेकरू, घरकामगार किंवा बांधकाम मजूर प्रत्यक्ष मालमत्ता कर भरत असेलच असेही नाही. त्यामुळे ‘आपले रहिवासी’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ निश्चित करताना ज्या कसोटीची निवड केली जाते, तीच कोणाला सेवा मिळणार व कोणाला नाकारली जाणार, हे ठरविते. पत्त्याचा लेखी पुरावा ही कसोटी वरकरणी तटस्थ वाटली, तरी ज्यांचा निवारा अस्थिर असतो त्यांना तो पुरावा मिळविणे सर्वांत अवघड जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रहिवाशांत भेद करण्याची प्रथा महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. मराठाकालीन गावगाड्यात मिरासदार व उपरी असे कुळांचे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे व गावकीच्या कामकाजात त्यास मान असे. उपरी हा बाहेरून येऊन ठराविक मुदतीच्या करारावर जमीन कसणारा असल्याने त्यास हे हक्क नसत. तो एकाच गावी दीर्घकाळ राहिला, तरी त्याचे उपरेपण सहजी संपत नसे. मराठीतील ‘उपरा’ हा शब्द आजही हाच अर्थ बाळगून आहे.

शहरांच्या बाबतीत पाणी हाच कळीचा विषय होता. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रज येथील तलावाचे पाणी बंदिस्त नळाद्वारे पुण्यात आणण्यात आले व शहरातील हौदांतून ते वितरित होऊ लागले. पुण्यास बाहेरील गावचे पाणी पुरविण्याची परंपरा अशी जुनी आहे. तथापि हे पाणी शहरातील सर्वांना सारखे खुले नव्हते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना खुला केला, तो ह्याच कारणाने. मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा शासनाच्या वा स्थानिक संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आदी स्थाने अस्पृश्यांना वापरू द्यावीत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी झालेल्या सत्याग्रहाने हा प्रश्न देशापुढे आणला. पुढे झालेल्या न्यायालयीन वादाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सत्याग्रहींच्या बाजूने दिला. रहिवासी-अग्रक्रमाच्या चर्चेत ह्या घटनेचे महत्त्व असे, की ‘आधी आपले लोक’ हे तत्त्व मांडण्यापूर्वी ‘आपले’ कोणास म्हणावे, ह्याचे उत्तर द्यावे लागते. शहरातील शहरात राहणाऱ्यांनाही परके ठरविता येते, हे महाडने दाखवून दिले.

विधिविषयक स्थिती : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार प्रत्येक नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ह्यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. मात्र त्यात रहिवासाच्या स्थानाचा उल्लेख नाही. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य ह्या १९५५ मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जन्मस्थान व रहिवास ह्यांत भेद केला आणि वैद्यकीय महाविद्यालयात राज्यातील रहिवाशांना विशिष्ट शुल्कातून दिलेली सूट वैध ठरविली. अनुच्छेद १६ प्रमाणे शासकीय नोकरीसाठी रहिवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील रहिवासावर आधारित राखीव जागा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अवैध ठरविल्या. अर्थात रहिवास ही सर्वस्वी निषिद्ध कसोटी नसली, तरी ती सेवेच्या हेतूशी सुसंगत असली पाहिजे, अशी न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका दिसते.

जीविताशी निगडित सेवांच्या बाबतीत ही भूमिका अधिक कठोर आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य ह्या खटल्यात (१९९६) शासकीय रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. दिल्ली येथील गुरू तेगबहादुर रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवण्याचा व विनामूल्य औषधे त्यांनाच देण्याचा दिल्ली शासनाचा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये रद्द केला. कोविड-१९ च्या साथीत जून २०२० मध्ये दिल्ली शासनाने आपली रुग्णालये दिल्लीकरांसाठी राखून ठेवण्याचा पुन्हा प्रयत्न केला. तो नायब राज्यपालांनी लगेच रद्दबातल केला. मुंबईत अनधिकृत झोपडपट्ट्यांतील रहिवाशांना पाणी देण्यासाठी वास्तव्याची कालमर्यादा लावली जात असे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की घर अनधिकृत असले, तरी त्यातील माणसाचा पाण्यावरील हक्क नष्ट होत नाही. मुंबई महानगरपालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण २०२२ मध्ये अंमलात आले. त्याच मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातील घरासाठी मात्र विशिष्ट दिनांकापूर्वीच्या वास्तव्याची अट कायम आहे. पाणी व घर ह्यांना लावलेल्या कसोट्यांतील हा फरक लक्षणीय होय.

शिक्षणाच्या बाबतीत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ ह्याने स्थानिक प्राधिकरणावर दुहेरी जबाबदारी टाकली आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, ही त्यांतील एक. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल ह्याची खातरजमा करणे, ही दुसरी. नोंद रहिवासाची असली, तरी प्रवेशाचा हक्क मुलाबरोबर जातो, असे हे सूत्र आहे. शिधापत्रिकेचे धान्य देशात कोठेही घेता यावे, ह्यासाठी २०१९ पासून राबविण्यात आलेली ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना ह्याच सूत्रावर उभी आहे.

अनुकूल विचार : रहिवासी-अग्रक्रमाच्या समर्थकांचे युक्तिवाद मुख्यत्वे तीन आहेत. पहिला वित्तीय आहे. महानगरपालिकेचा मालमत्ता कर व पाणीपट्टी रहिवासी भरतात. त्यांच्या पैशातून उभारलेल्या रुग्णालयात त्यांनाच खाट न मिळणे अन्यायकारक होय. दुसरा उत्तरदायित्वाचा आहे. नगरसेवक निवडून देणारे मतदार सेवेच्या दर्जाबद्दल त्यास जाब विचारू शकतात. सेवेचा लाभ व तिच्या खर्चाचा निर्णय एकाच समूहाकडे असल्यास काटकसर व कार्यक्षमता वाढते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबो यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, नागरिक आपल्या पसंतीच्या सेवा व कर असलेले गाव निवडतात आणि त्यातून स्थानिक शासनांत हितकर स्पर्धा निर्माण होते. तिसरा युक्तिवाद नियोजनाचा आहे. किती लोकांना सेवा द्यावयाची, हे ठाऊक नसेल, तर जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता, शाळेचे वर्ग किंवा रुग्णालयातील खाटा ठरविता येत नाहीत. पुणे महानगरपालिकेची शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजना शहरातील अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांपुरती मर्यादित आहे, ती ह्याच विचाराने.

प्रतिकूल विचार : ह्या युक्तिवादांस घेतले जाणारे आक्षेप तितकेच मूलभूत आहेत. शहराचे उत्पन्न केवळ रहिवाशांकडून येते, हे गृहीतच अपुरे आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांचा मोठा आधार दीर्घकाळ जकात हा होता. जकात शहरात येणाऱ्या मालावर बसे आणि बाजारहाटासाठी शहरात येणारा खेडूतही ती वस्तूच्या किंमतीतून भरीत असे. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला व जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ही आकारणी संपुष्टात आली. त्याची भरपाई राज्य शासन महानगरपालिकांना देते. म्हणजेच ती राज्यातील सर्व करदात्यांच्या पैशातून होते. शिवाय शहराची संपत्ती ज्या कारखान्यांत, कार्यालयांत व बाजारपेठांत निर्माण होते, तेथे काम करणाऱ्यांपैकी अनेक जण शहरातील घरे परवडत नसल्याने हद्दीबाहेर राहतात. त्यांचे श्रम शहराचे आणि आजारपण मात्र गावाचे, अशी विभागणी न्याय्य म्हणता येत नाही. संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत तर ती शहरालाही घातक ठरते. कारण रोगजंतू नगरपालिकेची हद्द मानीत नाहीत.

माण व परिसर : माण हे हिंजवडीच्या पश्चिमेकडील गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विकसित केलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा मोठा भाग ह्या गावाच्या शिवारात येतो. भातशेती व बागायती करणाऱ्या गावाच्या जमिनीवर काही दशकांतच संगणक-प्रणालींची कार्यालये व बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. गावचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे राहिला. येथील शासनव्यवस्था अनेक पदरी आहे : गावठाण व निवासी भागातील मूलभूत सेवा ग्रामपंचायतीकडे, औद्योगिक क्षेत्रातील रस्ते व पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडे, उर्वरित भागाचे नियोजन ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, प्राथमिक शाळा व आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर कायदा व सुव्यवस्था ऑगस्ट २०१८ मध्ये अस्तित्वात आलेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. पोलिसांच्या दृष्टीने शहरात व नगरपालिकेच्या दृष्टीने खेड्यात, अशी माणची स्थिती आहे.

ह्या स्थितीत रहिवासी-अग्रक्रमाचे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू पडते. माणमधील रहिवासी उच्च उपचारांसाठी पिंपरी येथील महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जातो, तेव्हा तो तेथे बाहेरचा ठरतो. त्याच वेळी पुणे व पिंपरी-चिंचवड ह्या शहरांचे हजारो रहिवासी रोज सकाळी माण-हिंजवडीत येतात. येथील रस्ते वापरतात, येथे कचरा व सांडपाणी निर्माण करतात आणि सायंकाळी परत जातात. महानगरपालिकांनी केवळ आपल्या मतदारांचा विचार करावा, असे म्हटल्यास ग्रामपंचायतीनेही तोच न्याय लावावा काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

पाण्याच्या मानकांत ही विसंगती अधिक स्पष्ट होते. ग्रामीण भागासाठी जलजीवन अभियानात (२०१९) दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मानक आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी ते १३५ लिटर, तर महानगरांसाठी १५० लिटर आहे. माणमधील विसाव्या मजल्यावर राहणारे कुटुंब कागदोपत्री ग्रामीण असते व त्याची गरज नागरी असते. ही तफावत टँकर भरून काढतात. गृहसंकुलांना त्यासाठी मोठा खर्च करावा लागतो. ज्यांना तो परवडत नाही, अशा मजुरांच्या वस्त्यांना मिळेल त्या पाण्यावर भागवावे लागते.

माण, हिंजवडी, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे व सांगवडे ही गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट करण्याचा प्रस्ताव २०१५ च्या सुमारास पुढे आला. वाहतूककोंडी व पावसाळ्यात तुंबणारे रस्ते ह्यांमुळे २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी व गृहसंकुलांतील रहिवासी ह्यांनी ह्या मागणीचा पुन्हा जोरदार पुरस्कार केला. समावेशामुळे करवाढ होते, ग्रामपंचायतीची स्वायत्तता जाते आणि सेवा उशिरा पोहोचतात, अशी भीती मूळ ग्रामस्थांकडून व्यक्त केली जाते. ही भीती निराधार नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांत मुळशी तालुक्यातील सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे होती. समावेशाने ही गावे ‘आपली’ झाली. तरी नळाचे पाणी व मलनिस्सारण येण्याआधी कराची देयके आली, अशी तक्रार अनेक गावांतून झाली. हद्दीच्या आत येणे आणि सेवेचा वाटेकरी होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्यावरून दिसते.

पाणी व उगमाकडील गावे : शहराच्या सेवा शहराच्या साधनसंपत्तीवर चालतात, हे गृहीत पाण्याच्या बाबतीत सर्वांत दुबळे ठरते. पुण्यास खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ह्या धरणसाखळीतून पाणी मिळते. तिची एकत्रित साठवणक्षमता सु. २९ अब्ज घनफूट आहे. ह्यांपैकी टेमघर धरण मुळशी तालुक्यातच आहे. ह्याच साठ्यावर हवेली, दौंड व इंदापूर ह्या तालुक्यांतील सिंचन अवलंबून आहे. पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम हे तत्त्व सर्वमान्य असले, तरी शहराचा पाणीवापर वाढत गेला, की कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याचे आवर्तन कमी होते.

मुळशी तालुक्याचा अनुभव ह्याहून जुना आहे. मुळा नदीवरील मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. टाटा कंपनीच्या ह्या प्रकल्पाचे पाणी पश्चिमेकडे वळवून भिरा येथे वीजनिर्मिती करण्यात आली व ती वीज मुंबईस पुरविण्यात आली. जमीन गेलेल्यांना त्या विजेवर कोणताही अग्रक्रम नव्हता. त्याच धरणाचे पाणी पुणे परिसराच्या वाढत्या गरजेसाठी मिळावे, अशी मागणी अलीकडे वारंवार केली जाते. शेजारच्या मावळ तालुक्यात पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी टाकावयाच्या बंद जलवाहिनीस शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. मुंबईस पाणी पुरविणारे तानसा, मोडकसागर, भातसा इ. जलाशय शहरापासून दूर आहेत; त्यांपैकी काही ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

जे पाण्यास लागू आहे, तेच उलट दिशेने कचऱ्यास लागू पडते. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे टाकला जात होता. तेथील भूजल दूषित झाल्याने महानगरपालिकेला ह्या गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले. ही गावे २०१७ मध्ये महानगरपालिकेत आली व २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. शहराचा भार वाहणाऱ्यांना शहराच्या सेवांत वाटा मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो, हे तत्त्व येथे टँकरच्या रूपाने का होईना, मान्य करावे लागले.

आरोग्य व परिवहन : महानगरपालिकेच्या रुग्णालयांवरील ताण हे अग्रक्रमाच्या मागणीचे सर्वांत समर्थनीय कारण मानले जाते. मुंबईतील के. ई. एम., नायर व शीव येथील रुग्णालयांत राज्याच्या सर्व भागांतून व परराज्यांतून रुग्ण येतात. बाहेरील रुग्णांकडून अधिक शुल्क घ्यावे, असे प्रस्ताव तेथे वेळोवेळी मांडले गेले आहेत. मात्र रुग्ण दूरच्या शहरात येतो, तो हौसेने येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक किंवा तपासणीची सोय नसल्यामुळे येतो. त्यामुळे शहरातील रांग कमी करण्याचा खरा उपाय बहुधा शहराबाहेर असतो. अशा रुग्णालयांत वैद्यकीय महाविद्यालये असतात. विविध प्रकारचे रुग्ण येण्याने तेथील अध्यापन समृद्ध होते, हेही विचारात घ्यावे लागते.

परिवहनाने हद्दीचे बंधन तुलनेने लवकर ओलांडले. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील स्वतंत्र परिवहन उपक्रम एकत्र करून २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ स्थापन झाले. त्यात दोन्ही महानगरपालिकांचा वाटा अनुक्रमे ६० व ४० टक्के आहे. ह्या बसगाड्या हद्दीबाहेरही धावतात. तूट मात्र मुख्यत्वे दोन शहरांच्या तिजोरीतून भरली जाते, अशी तक्रार असते. माण ते शिवाजीनगर ह्या सु. २३ किमी. लांबीच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तो मार्ग महानगरपालिकेऐवजी प्रदेश प्राधिकरणाने हाती घेतला, ही गोष्ट सूचक आहे. प्रवाशास तो कोणत्या हद्दीत राहतो, हे कोणतेही तिकीट विचारीत नाही. तो किती अंतर गेला, एवढेच विचारते.

अन्य देशांतील अनुभव : इंग्लंडमध्ये गरिबांच्या मदतीची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर होती. १६६२ च्या अधिनियमाने नव्याने आलेल्या व पुढे मदतीचा भार होऊ शकेल अशा व्यक्तीस चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून तिच्या मूळ पॅरिशकडे परत पाठविण्याची मुभा दिली. परिणामी पॅरिशांमध्ये गरिबांना एकमेकांच्या गळ्यात घालण्याचे तंटे वाढले व मजुरांच्या संचारास अडथळा आला. ॲडम स्मिथ यांनी ह्या व्यवस्थेवर कठोर टीका केली. चीनमध्ये १९५८ च्या नियमांनी दृढ झालेल्या हुकोऊ ह्या कुटुंबनोंदणी पद्धतीमुळे शहरांत काम करणाऱ्या ग्रामीण मजुरांना व त्यांच्या मुलांना नागरी शाळा व अन्य सेवांपासून दीर्घकाळ वंचित राहावे लागले. अलीकडे ही बंधने अनेक शहरांत शिथिल करण्यात आली आहेत. अमेरिकेत मॅरिकोपा परगण्यात गरिबांच्या विनामूल्य रुग्णालयीन उपचारांसाठी एक वर्षाच्या वास्तव्याची अट होती. ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये अवैध ठरविली. खऱ्याखुऱ्या रहिवासाची अट व किती काळ राहिला ह्याची अट ह्यांत ह्या निर्णयांनी फरक केला : आज येथे राहणारा माणूस काल आला म्हणून कमी रहिवासी ठरत नाही.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून सेवांचे तीन वर्ग करता येतात. पिण्याचे किमान पाणी, तातडीचे उपचार, रोगप्रतिबंध, अग्निशमन व मुलांचे शिक्षण ह्या सेवांत मनुष्याची उपस्थिती हाच पुरेसा आधार होय. तेथे रहिवासाचा पुरावा मागणे समर्थनीय ठरत नाही. गृहनिर्माणातील सदनिका, शिष्यवृत्त्या, अनुदाने ह्यांसारख्या मर्यादित व दीर्घकालीन लाभांत रहिवासी-अग्रक्रम योग्य ठरू शकतो. मात्र त्याची कसोटी प्रत्यक्ष वास्तव्य ही असावी, मालमत्ता किंवा जन्म ही नव्हे. ह्या दोहोंच्या मधल्या सेवांत, उदा., नियोजित शस्त्रक्रिया, तरणतलाव, नाट्यगृहे, परिवहन इत्यादींत, सेवा नाकारण्यापेक्षा खर्चाची न्याय्य विभागणी करणे अधिक इष्ट होय. ही विभागणी रुग्णाच्या खिशातून करण्याऐवजी ज्या जिल्हा परिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा प्राधिकरणाच्या क्षेत्रातून तो आला, तिच्या व राज्याच्या निधीतून झाल्यास आजारी माणसाला हद्दीचा दंड सोसावा लागत नाही.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) महानगर क्षेत्रासाठी नगरपालिका व पंचायती ह्या दोहोंच्या प्रतिनिधींचा समावेश असलेली नियोजन समिती स्थापण्याची तरतूद केली. पाण्याचे वाटप, समाईक पायाभूत सोयी व संयुक्त खर्च ह्यांचा विचार ह्या समितीने करावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अशा समित्यांना पुरेसे अधिकार व निधी मिळालेला नाही. विकास प्राधिकरणे नियोजन करतात, परंतु ती लोकनियुक्त नसल्याने त्यांना मतदारांपुढे थेट उत्तर द्यावे लागत नाही. परिणामतः माणसारख्या गावाचा रहिवासी ज्या निर्णयांनी त्याचे पाणी, रस्ते व वाहतूक ठरते, त्यांपैकी मोजक्याच निर्णयांत मताने सहभागी होऊ शकतो. रहिवाशांना अग्रक्रम द्यावा किंवा कसे, हा वाद त्यामुळे बरेचदा दुय्यम ठरतो. ज्या क्षेत्राचे पाणी, श्रम व जमीन एकत्र वापरली जाते, त्या संपूर्ण क्षेत्रातील रहिवाशांना खर्चात व निर्णयात वाटा कसा द्यावा, हा त्यामागील मुख्य प्रश्न होय. तो सुटत नाही, तोपर्यंत शहरे आपली हद्द वाढवून किंवा हद्दीवर पहारा बसवून त्याचे उत्तर शोधीत राहतील आणि हद्दीच्या लगतचे गाव दर वेळी नव्याने उपरे ठरत राहील.